लांब मिशांच्या भुंगेऱ्यांची ओळख : एका जुन्या ग्रंथाचे परीक्षण

सांगली जिल्ह्यातील तासगाव-पलूसकडचे द्राक्षबागायतदार 'खोडकिडा' म्हणतात तेव्हा तो कीटक एकाच जातीचा असेल असे नाही. आंब्याचे खोड पोखरणारा भिरूड आणखी निराळा. हे सारे लांब मिशांचे भुंगेरे, म्हणजे सिरॅम्बिसिडी कुलातले. झाडावरून नाव दिले की जात ओळखली, असा आपला समज होतो. प्रत्यक्षात द्राक्षवेल पोखरणारा सेलोस्टर्ना स्कॅब्रेटर हा बाभळीचाही शत्रू आहे. साताऱ्यातील माण-खटावसारख्या कोरड्या भागात बाभूळ भरपूर. मग त्याला 'द्राक्षाचा' म्हणावे की 'बाभळीचा'?

जात ओळखण्याची शिस्त लावणारा आपल्याकडील आधारग्रंथ म्हणजे 'द फौना ऑफ ब्रिटिश इंडिया' मालिकेतील सी. जे. गॅहन यांचा १९०६ सालचा खंड. तो आज इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतो, म्हणून शिक्षकांच्या दृष्टीने तो तपासून पाहावा असे आम्हाला वाटते.

ग्रंथाचे मोठे बळ त्याच्या ओळखतालिकांत आहे. प्रत्येक पायरीवर दोन पर्याय, त्यांतला एक निवडायचा आणि पुढे जायचे. रंग आणि आकारमान यांवर गॅहन फारसे विसंबत नाहीत, आणि ते योग्यच आहे. रंग झिजतो. आकारमान अळीला मिळालेल्या अन्नावर ठरते. मिशांची लांबीसुद्धा फसवी, कारण बहुतेक जातींत नराच्या मिशा मादीपेक्षा लांब असतात. टिकाऊ खूण शरीराच्या घडणीत शोधावी लागते : डोक्याचा कल, अग्रवक्षाची कड, पायांवरील खाचा. नववी-दहावीच्या मुलांना वर्गीकरण म्हणजे नावांचे पाठांतर नव्हे, हे पटवायला अशा तालिकेइतके चांगले साधन नाही.

पण आपल्या जिल्ह्यांपुरता विचार केला तर एक मोठी उणीव जाणवते. या खंडात लॅमिइनी हे उपकुलच नाही. आंब्याचा भिरूड (बॅटोसेरा रुफोमॅक्युलाटा) आणि सेलोस्टर्ना हे दोघेही नेमके त्याच उपकुलातले. या उपकुलात चेहरा उभा, सरळ खाली उतरलेला असतो आणि मुखाजवळच्या स्पर्शिकांचे शेवटचे पेर टोकदार असते. बॅटोसेराच्या अग्रवक्षावर दोन नारिंगी, मूत्रपिंडाच्या आकाराचे ठिपके दिसतात. सेलोस्टर्नावर ते नसतात. तो मळकट पिवळसर-तपकिरी असतो. दोघांच्याही अग्रवक्षाला बाजूंना काटे असतात.

गॅहन यांच्या पुस्तकात सापडतो तो स्ट्रोमॅशियम बार्बेटम. हा सिरॅम्बिसिनी उपकुलातला, तपकिरी रंगाचा. याच्या अग्रवक्षाला बाजूचा काटा नाही. सुक्या लाकडाचा आणि फर्निचरचा शत्रू म्हणून तो पूर्वीपासून माहीत होता. महाराष्ट्रातील द्राक्षवेलींवर तो आढळल्याची नोंद २०११ मध्ये झाली.

दुसरी उणीव आम्हाला अधिक गंभीर वाटते. संग्रहालयात टाचलेला प्रौढ भुंगेरा समोर ठेवून हा ग्रंथ लिहिला आहे. अळी खोडात कित्येक महिने राहते, प्रौढ मात्र पावसाळ्यातील काही आठवडेच दिसतो. त्यामुळे शेतकऱ्याच्या हाती बहुधा अळी आणि भुसा एवढेच असते. फरक तिथेही आहेच. सेलोस्टर्नाची अळी छिद्रातून भुसा बाहेर टाकते. खोडाच्या बुडाशी त्याची रास दिसते. स्ट्रोमॅशियमची अळी बारीक पीठ बोगद्यातच ठासून भरते, बाहेर काहीच दिसत नाही. अळीचे डोके पाहिले तर लॅमिइनीचे रुंदीपेक्षा लांब, सिरॅम्बिसिनीचे आडवे, रुंद असते.

हा भेद केवळ पांडित्याचा नाही. भुसा टाकणारे छिद्र सापडले तर त्यात तार घालून अळी मारता येते, औषध सोडून छिद्र चिखलाने बुजवता येते. छिद्रच नसेल तर हे श्रम आणि पैसा वाया जातो. तेथे सैल साल वेळीच काढणे, छाटलेले व वाळलेले लाकूड बागेत साठू न देणे, हाच मार्ग उरतो. दोघांना 'खोडकिडा' म्हणून एकच उपाय सांगणारा सल्ला म्हणूनच अपुरा ठरतो.

जीवनक्रमाची बाजू पुढे देहरादूनच्या वन संशोधन संस्थेतील सी. एफ. सी. बीसन यांनी १९४१ सालच्या वनकीटकांवरील ग्रंथात बरीच भरून काढली. पण कोणत्या झाडावर, कोणत्या महिन्यात, कसला भुसा, हे क्रमाने विचारणारी मराठी ओळखतालिका शाळेच्या कपाटात हवी. गॅहन यांची पद्धत घ्यावी आणि वरील तीन जातींपासून सुरुवात करावी. एक पान प्रौढाचे, एक पान अळीचे व भुशाचे. दोन्ही पानांवरून उत्तर एकच आले, तरच जात ओळखली असे मुलांनी म्हणावे.