चिठ्ठी नसलेले स्फटिक

महाराष्ट्राच्या काळ्या पाषाणात सापडणारे स्फटिक आज जगभरच्या हौशी संग्राहकांच्या कपाटांत मानाने बसलेले आहेत. पुण्याच्या पाषाण भागातले हिरवे अपोफिलाइट, वाघोलीचे निळेभोर कॅव्हन्साइट, नाशिक परिसरातले सुयांच्या जुडीसारखे स्कोलेसाइट, मुंबईच्या कांदिवलीचे प्रेहनाइट ही नावे संग्राहक जिव्हाळ्याने घेतात. अशा खाजगी संग्रहांबद्दल जे लिहिले जाते ते बहुधा कौतुकाचे असते, आणि ते योग्यच आहे. पण पुस्तकाचे, नाटकाचे, चित्रप्रदर्शनाचे आपण परीक्षण करतो, तसे खनिजसंग्रहाचेही करायला हरकत नसावी. काय ठेवायचे, काय टाकायचे आणि ठेवलेल्या वस्तूबद्दल काय लिहून ठेवायचे, हे ठरवणारा माणूस प्रत्येक संग्रहामागे असतो. त्याच्या निवडीला कसोटी लावता येते.

या लेखात आपण एकच कसोटी लावणार आहोत. हा स्फटिक नेमका कुठून आला, हे संग्रह सांगतो का? आमच्या मते बहुतेक सुंदर संग्रह या एकाच प्रश्नाला अडखळतात.

पोकळीतली नोंद

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हारसाचे थरावर थर पसरले. रस निवताना त्यातील वायूंचे बुडबुडे जागच्या जागी अडकले आणि खडकात पोकळ्या राहिल्या. पुढे या थरांतून गरम पाणी झिरपत राहिले. त्यात सिलिका, अॅल्युमिनियम, कॅल्शियम, सोडियम ही द्रव्ये विरघळलेली होती. तापमान, दाब आणि पाण्यातील द्रव्ये बदलत गेली तशी पोकळीच्या भिंतीवर एकावर एक खनिजे बसत गेली. त्यांतला मोठा गट झिओलाइटांचा. स्टिलबाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट हे त्यातलेच. अपोफिलाइट आणि कॅव्हन्साइट त्यांच्या सोबतीने सापडतात, पण ते झिओलाइट नव्हेत.

म्हणजे पोकळी ही एक नोंदवहीच आहे. तळाशी काय आहे आणि त्यावर काय बसले आहे, यावरून कोणते खनिज आधी तयार झाले आणि कोणते नंतर, हे कळते. आणि ती पोकळी डोंगरात किती उंचीवर होती हे माहीत असेल, तर त्याहून मोठी गोष्ट कळते.

जॉर्ज वॉकर या भूवैज्ञानिकाने १९६० च्या सुमारास पूर्व आइसलँडमध्ये नेमके हेच केले. तिथलाही खडक आपल्यासारखाच लाव्हाचा. डोंगरउतारांवर वेगवेगळ्या उंचीवर कोणते झिओलाइट सापडतात याचे त्याने नकाशे केले. त्यांचे स्पष्ट पट्टे पडलेले दिसले. अधिक खोल आणि उष्ण भागात एक खनिज, त्याच्या वर दुसरे. या पट्ट्यांवरून त्याने आज झिजून गेलेल्या डोंगरांची मूळची उंची किती असावी याचा अंदाज बांधला. आपल्याकडे सुखेश्वाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली पश्चिम भारतातल्या दख्खनच्या खडकांतील झिओलाइटांच्या वाटणीचा असाच अभ्यास प्रसिद्ध केला.

या अभ्यासांना देखणे स्फटिक लागले नाहीत. नखाएवढा कणही पुरला. पण तो कुठला आहे हे पक्के ठाऊक असावे लागले.

संग्राहकांचे ऋण

इथे संग्राहकांची बाजूही मांडली पाहिजे. दगडखाणीत सुरुंग उडतो, दगड क्रशरमध्ये जातो आणि त्याची खडी होते. वाटेत कोणी ती निळी फुले पाहून बाजूला काढली नसती, तर वाघोलीचे कॅव्हन्साइट आज रस्त्यांच्या आणि इमारतींच्या काँक्रीटमध्ये असते. हे खनिज पहिल्यांदा अमेरिकेत ऑरेगॉन राज्यात मिळाले आणि १९७३ साली त्याचे शास्त्रीय वर्णन झाले. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकॉन या तीन शब्दांच्या आद्याक्षरांवरून त्याचे नाव पडले. पण त्याचे सर्वांत उत्तम नमुने १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून वाघोलीने दिले. विकत घेणारा कोणी होता म्हणून खाणीतले हात ते जपून काढू लागले, हे मान्य करायला हवे.

विज्ञानावरचे संग्राहकांचे ऋण जुने आहे. ह्यूलँडाइट हे नाव हेन्री ह्यूलँड या लंडनच्या संग्राहक-व्यापाऱ्यावरून १८२२ साली दिले गेले. ब्रुकलिन पुलाचे अभियंते वॉशिंग्टन रोबलिंग यांनी हौसेने जमवलेले सुमारे १६ हजार नमुने त्यांच्या निधनानंतर स्मिथसोनियन संस्थेला मिळाले आणि अभ्यासाला खुले झाले. आपल्याकडे सिन्नरचे 'गारगोटी' हे २००१ साली सुरू झालेले संग्रहालय एका व्यक्तीच्या संग्रहातूनच उभे राहिले. हौस आणि विज्ञान यांत वैर नाही. आमची तक्रार हौसेबद्दल नाही, तिच्या एका सवयीबद्दल आहे.

'पुणे, भारत'

संग्राहक नमुना पारखतो तो रंग, चमक, आकार, अखंडपणा आणि मांडणी पाहून. स्फटिकाचे टोक तुटलेले नसावे, पांढऱ्या स्टिलबाइटवर निळे कॅव्हन्साइट उठून दिसावे, या अपेक्षा रसिकाच्या आहेत आणि त्यात गैर काही नाही. पण याच नमुन्याखालची चिठ्ठी वाचावी, तर तिच्यावर पुष्कळदा 'पुणे, भारत' किंवा 'जळगाव, भारत' एवढेच असते. पुणे म्हणजे कोणते पुणे? पाषाण, वाघोली, की घाटाच्या पायथ्याचे एखादे गाव? आणि जळगाव म्हणजे खरोखर जळगाव, की माल जिथून पुढे रवाना झाला ते ठिकाण?

हा नुसता निष्काळजीपणा नाही. चांगली जागा हाती लागलेला व्यापारी ती प्रतिस्पर्ध्याला कशाला सांगेल? त्यामुळे ठिकाण मोघम ठेवणे किंवा दुसरेच सांगणे धंद्याच्या दृष्टीने सोयीचे असते. शिवाय नमुना चार हातांतून फिरतो आणि प्रत्येक हातात तपशील थोडा गळतो. गंमत अशी, की आधीच्या नामांकित मालकांच्या जुन्या चिठ्ठ्या संग्राहक आवर्जून जपतात, कारण त्यांनी नमुन्याचा मान वाढतो. ज्या खाणकामगाराने तो दगडातून सोडवला त्याचे नाव मात्र कोणत्याच चिठ्ठीवर नसते. खरे ठिकाण ठाऊक असणारा पहिला माणूस तोच असतो.

मोघम चिठ्ठीपेक्षाही वाईट असते ती खोटी चिठ्ठी. आर्थर किंग्जबरी हे ब्रिटनमधले नावाजलेले खनिजसंग्राहक. १९६८ साली ते वारले, त्यानंतर त्यांचा संग्रह लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आला. इतरांना कितीही शोधून न मिळालेली दुर्मीळ खनिजे किंग्जबरींना ब्रिटनच्या कानाकोपऱ्यांत सापडली होती. हळूहळू तज्ज्ञांना शंका येऊ लागली. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या फेरतपासणीत दिसले, की त्यांतले अनेक नमुने चिठ्ठीवरच्या ठिकाणचे नव्हतेच. खनिजे अस्सल होती, ठिकाणे बनावट होती. परिणाम असा, की त्यांच्या नोंदींवर विसंबून छापलेली माहितीही संशयास्पद ठरली, आणि त्यांचे जे शोध खरे असतील तेही आता सहजी कोणी मानत नाही.

अशा चिठ्ठीने काय होते याचे खनिजांबाहेरचे एक उदाहरण तर आपल्या दारातले आहे. रानपिंगळा हे घुबड शंभरावर वर्षे कोणाला दिसले नव्हते. त्याचा शेवटचा नमुना १९१४ साली गुजरातेत मिळवल्याचा दावा रिचर्ड माइनर्ट्झहागेन या पक्षिसंग्राहकाने केला होता. तो नमुना वस्तुतः संग्रहालयातून चोरलेला, एकोणिसाव्या शतकातला निघाला. ही खोटी नोंद बाजूला सारून, खऱ्या जुन्या चिठ्ठ्यांच्या आधारे शोध घेतला तेव्हा नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ तो पक्षी जिवंत सापडला. खोट्या चिठ्ठीने वाट चुकवली होती, खऱ्या चिठ्ठीने ती दाखवली.

'आमच्या आनंदासाठी आहे'

यावर संग्राहक म्हणतील, की हा आमचा खाजगी आनंद आहे, आम्ही कुठे संशोधन करतो म्हणतो? हा युक्तिवाद सहज झटकून टाकण्यासारखा नाही. घरच्या कपाटात काय लिहून ठेवावे हे सांगण्याचा अधिकार इतरांना नाही.

पण दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली, पक्षी किंवा फुलझाडे पुन्हा वाढतात, पोकळी पुन्हा भरत नाही. दगडखाण संपते, तिच्यात पाणी साचते, शहर वाढत येते आणि तिच्यावर वस्ती उभी राहते. कांदिवलीच्या खाणीत जाऊन आज पुन्हा नमुना घेता येत नाही. तिथून जे निघाले आणि कपाटांत गेले, तेवढेच त्या खडकाचे साक्षीदार. दुसरी, स्फटिक मालकापेक्षा पुष्कळ अधिक टिकतो. आज ना उद्या तो दुसऱ्याच्या हाती जाणार, आणि त्या दिवशी मालकाच्या डोक्यातली माहिती त्याच्याबरोबर जाणार नाही.

कपाटात ठेवलेले सगळे टिकतेच असेही नाही. लॉमोंटाइट हे झिओलाइट कोरड्या हवेत आपल्यातले पाणी सोडते आणि त्याची पांढरी भुकटी होते. चिठ्ठी नीट असेल, तर त्या भुकटीलाही अर्थ राहतो.

बाजारात मिळणाऱ्या रंगवलेल्या नमुन्यांबद्दल थोडक्यात सांगतो. ओकेनाइटचे कापसासारखे गोळे मुळात पांढरे असतात. गुलाबी किंवा निळे दिसले तर रंग दिलेला आहे असे समजावे. दुसऱ्या दगडावर स्फटिक चिकटवलेले असतील तर बुडाशी गोंदाची चकाकी भिंगातून बहुधा दिसते. आरोग्य, धनलाभ वगैरे गुण सांगून विकल्या जाणाऱ्या स्फटिकांना तसा कोणताही आधार नाही. पण मोघम ठिकाणाच्या अस्सल नमुन्याने होणारे नुकसान या साऱ्यांपेक्षा अवघड, कारण ते भिंगातून दिसत नाही.

शाळेचे कपाट

आता आपल्याकडे वळू. पुष्कळ शाळांच्या प्रयोगशाळेत खनिजांची एक पेटी असते. विकत आणलेल्या तुकड्यांवर क्रमांक, आणि क्रमांकांसमोर नावे. तिने नावे पाठ होतात, परिसर कळत नाही. आमची कसोटी लावली तर ही पेटीही नापास होते.

त्यापेक्षा विद्यार्थ्यांनी गावातून आणलेले दहा दगड बरे. विहीर खोदताना, रस्ता फोडताना, खडीच्या ढिगात पांढरे चमकणारे काही सापडते. गावात त्या सगळ्याला गारगोटीच म्हणतात. ते आणावे, मात्र चालू खाणीत मुलांना पाठवू नये. दगडाच्या मागच्या बाजूला पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यावा, वाळल्यावर त्यावर काळ्या शाईने क्रमांक घालावा आणि नोंदवहीत त्याच क्रमांकापुढे लिहावे: गाव, नेमकी जागा, विहीर असल्यास किती फुटांवर, तारीख, कोणाला सापडला, आणि त्याच्यासोबत काय होते. खनिजाचे नाव समजत नसेल तर ती जागा कोरी ठेवावी. नाव पुढे कोणीतरी सांगेल. जागा मात्र आज लिहिली नाही तर पुढे कोणालाच सांगता येणार नाही.

तुटके तुकडेही वाया जात नाहीत. स्टिलबाइटचा छोटा कण कोरड्या परीक्षानळीत तापवला, तर नळीच्या थंड भागावर पाण्याचे थेंब दिसतात. १७५६ साली क्रॉनस्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञाने असाच दगड तापवताना तो उकळतो आहे असे पाहिले आणि 'उकळणारा दगड' या अर्थाने झिओलाइट हे नाव दिले.

अशी नोंदवही दहा वर्षे नेमाने ठेवणाऱ्या शाळेत कदाचित प्रदर्शनात मांडण्यासारखा एकही स्फटिक नसेल. तरीही आपल्या गावाखालच्या खडकाबद्दल ती शाळा जे सांगू शकेल, ते 'पुणे, भारत' लिहिलेले काचेचे कपाट सांगू शकणार नाही.