एका ओळीतले दोन 'अप'

लिनक्स सर्व्हरवर 'आयपी लिंक' एवढंच टाइप केलं की प्रत्येक नेटवर्क इंटरफेसच्या वाट्याला दोन ओळी येतात. त्यातली पहिली सावकाश वाचण्यासारखी असते. आधी क्रमांक, मग नाव, मग टोकदार कंसात ब्रॉडकास्ट, मल्टिकास्ट, अप, लोअर-अप. पुढे एमटीयू १५०० आणि त्यानंतर स्टेट अप. क्रियापद एकही नाही, तरी ओळ बरंच बोलते.

नावापासूनच बघा. पूर्वी 'ईथ०', 'ईथ१' अशी सुटसुटीत नावं असत. पण ती कार्ड ज्या क्रमाने सापडतील त्यावर ठरायची आणि दोन कार्डांच्या मशीनवर एखाद्या रीबूटनंतर अदलाबदल व्हायची. २०१३ पासून सिस्टमडीने 'ईएनपी३एस०' अशी नावं आणली: ईएन म्हणजे इथरनेट, पी३ म्हणजे तीन क्रमांकाची पीसीआय बस, एस० म्हणजे शून्य क्रमांकाचा स्लॉट. कानाला खडबडीतच, पण धंद्याच्या सर्व्हरवर मी खडबडीत नावाच्याच बाजूने.

खरी गंमत त्या दोन 'अप'मध्ये आहे. पहिला 'अप' ही माणसाची आज्ञा: 'आयपी लिंक सेट … अप' म्हटलं की तो उमटतो. 'लोअर-अप' ही तारेची साक्ष: केबल लागली आहे, पलीकडचा स्विच जागा आहे. केबल उपसून पाहा. 'लोअर-अप' जातो, कंसाच्या अगदी सुरुवातीला 'नो-कॅरिअर' येऊन बसतो, स्टेट 'डाउन' होतो; आणि आज्ञेचा 'अप' मात्र जागच्या जागी! एकाच ओळीत अप आणि डाउन, आणि दोन्ही खरे. १९८३ च्या ४.२ बीएसडीपासून चालत आलेल्या 'आयएफकॉन्फिग'मध्ये 'अप'च्या जोडीला 'रनिंग' दिसतं. मला तो शब्द फसवा वाटतो, सगळं काम सुरळीत चाललंय असा भास होतो. त्याउलट 'लो', म्हणजे लूपबॅक, बघा. त्याला तारच नाही, म्हणून त्याच्या स्टेटसमोर सरळ 'अननोन' लिहिलेलं असतं.

म्हैसूर जिल्ह्यातल्या पिरियापट्टणसारख्या गावात हा फरक पैशाचा होतो. व्हर्जिनिया तंबाखूचा हा तालुका. तंबाखू मंडळाच्या इथल्या लिलावात बोली इलेक्ट्रॉनिक पद्धतीने लागते. शेतकऱ्याचा गठ्ठा समोर असताना नुसता आज्ञेचा 'अप' काय कामाचा? अशा जागी दोन कार्डांचं 'बाँडिंग' करतात: एक चालू, दुसरं राखीव. पण तिथला 'एमआयआयमॉन'ही तारेचीच नाडी बघतो. स्विच जिवंत आणि त्याच्यापुढची वाट मेलेली असेल तर त्याला पत्ता लागत नाही; त्यासाठी त्याच नेटवर्कमधल्या, स्विचपलीकडच्या एखाद्या पत्त्याला एआरपीने हाक मारत राहावी लागते. 'लोअर-अप'ही फक्त पहिल्या टप्प्यापुरतंच बोलतो, हे वाचणाऱ्याने विसरू नये.

आणि ही ओळ बहुतेक वेळा दुरून वाचली जाते. म्हैसूरहून पिरियापट्टण सुमारे ७० किलोमीटर. तिथे बसून इथल्या सर्व्हरवर 'आयएफडाउन' करून इंटरफेस बंद करणं म्हणजे बसल्या फांदीवर कुऱ्हाड. म्हणून जाणकार 'आयएफडाउन' आणि 'आयएफअप' एकाच ओळीत, मध्ये अर्धविराम टाकून लिहितात. इंटरफेस पडला तरी पुढची आज्ञा आधीच सर्व्हरच्या हाती पोचलेली असते. छोटंसं चिन्ह, पण मधली सगळी पडझड ते निभावतं. अर्थात मांडणीच्या फाइलमधला पत्ताच चुकला असेल तर तेही हतबल, मग गाडी काढायची.

उबुंटूच्या 'नेटप्लॅन ट्राय'ने यावर तोड काढली. नवी मांडणी लागू होते आणि १२० सेकंदांचा काटा सुरू होतो. संपर्क टिकला तर एंटर दाबायचं. तुटला तर दाबणारं कोणी नसतं आणि जुनी मांडणी आपोआप परतते. गप्प राहणं म्हणजे नकार, असा अर्थ लावणारी आज्ञा मला फार आवडते. फक्त बाँडची खास कलमं बदलत असाल तर ती मागे फिरवणं तिला जमत नाही. तसं ती आधीच सांगते: मांडणी नीट तपासा आणि थेट 'अप्लाय' करा.