कर्जत आणि कल्याणच्या मधलं जग

जिजामाता एक्स्प्रेस पुण्याहून निघते. चाळीस मिनिटांत लोणावळा येतं. घाट उतरून कर्जतला गाडी जेमतेम थांबते आणि मग आणखी वेग घेऊन कल्याण स्टेशनातून धडधडत निघून जाते. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेतला हा प्रवास आहे. कथेचं इंग्रजी रूप ‘द ॲडव्हेंचर’ एनसीईआरटीच्या अकरावीच्या ‘हॉर्नबिल’ या पुस्तकात आहे आणि इथं मी तेच समोर ठेवून वाचतो आहे.

कर्जत आणि कल्याण यांच्या मध्ये बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर ही आमची तीन शहरं येतात. कथेत त्यांची नावं नाहीत, आणि जलद गाडीच्या प्रवासात ती यायचं कारणही नाही. डेक्कन क्वीन आजही इथं थांबत नाही. पण कर्जत लोकलनं रोज ये-जा करणाऱ्यानं ही कथा वाचली, तर त्याचं मन नेमकं त्या न लिहिलेल्या टप्प्यावर अडतं. कथा पुढे जाते आणि आपण विचारत राहतो: त्या जगात खिडकीबाहेर काय दिसलं असेल?

कथा थोडक्यात अशी. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातानंतर अशा हिंदुस्थानात जाऊन पोचतात, जिथं १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठे जिंकले होते. विश्वासरावांना लागायची गोळी कानाला चाटून गेली, सैन्याचा धीर सुटला नाही, अब्दालीला काबूलपर्यंत पिटाळलं गेलं. पुढे ईस्ट इंडिया कंपनीला देशभर पाय पसरता आले नाहीत. पेशव्यांनी विज्ञान-तंत्रज्ञानाची केंद्रं उभारली आणि विसाव्या शतकात देश लोकशाहीकडे वळला. इंग्रजांकडे उरली ती फक्त मुंबई, तीही १९०८ च्या करारानं २००१ पर्यंत भाडेपट्ट्यानं दिलेली.

पानिपत हा मराठी मनाचा जुना सल आहे. असा विषय घेतला की लेखक विजयाच्या वर्णनात रमतो. नारळीकर रमत नाहीत. रणभूमी ते दाखवतच नाहीत. नवं जग आपल्याला रेल्वेच्या डब्यातून दिसतं: पुण्याबाहेर औद्योगिक वसाहती नाहीत, लोकलच्या निळ्या डब्यांवर इंग्रजांचं चिमुकलं निशाण आहे, व्हिक्टोरिया टर्मिनस कमालीचं स्वच्छ आहे. जगाचा इतिहास बदलला हे सांगायला एवढे तपशील पुरतात, कारण वाचक रोज तोच मार्ग पाहतो आणि त्यातली प्रत्येक उणीव-अधिकाई त्याला आपोआप जाणवते.

यातला माझ्या दृष्टीनं सर्वांत मोलाचा तपशील कल्याणनंतर येतो. लांब बोगदा ओलांडून गाडी एका छोट्या स्टेशनात थांबते. स्टेशनाचं नाव सरहद. गणवेशातला एक अँग्लो-इंडियन अधिकारी डब्यातून फिरत परवाने तपासतो, कारण इथून ब्रिटिश राज्य सुरू होतं. आमच्याकडच्या वाचकाला बोगदा म्हटलं की पारसिकच आठवतो. म्हणजे त्या जगात बदलापूर, अंबरनाथ, कल्याण सरहद्दीच्या अलीकडे, स्वतंत्र देशात. आणि ठाण्या-मुंबईकडे कामाला जाणाऱ्याच्या खिशात पासाबरोबर परवाना.

आता त्याच डब्यातले गंगाधरपंतांचे सहप्रवासी, खानसाहेब, यांच्याकडे पाहू. ते पेशावरला निघाले आहेत. मुंबईहून रात्रीची फ्रंटियर मेल धरून दिल्ली, तिथून लाहोर, मग पेशावर, परवा पोचतील. आपल्या धंद्याबद्दल ते भरभरून बोलतात आणि गंगाधरपंत ऐकत राहतात. नारळीकर इथं एक शब्दही अधिक लिहीत नाहीत. पण दोन्ही तपशील शेजारी ठेवले की नकाशा उलगडतो. पुणे ते पेशावर या साऱ्या वाटेवर परवान्याची तपासणी आपल्याला दिसते ती एकदाच, कल्याणच्या पुढच्या बोगद्यापाशी. लाहोर वाटेतलं एक स्टेशन आहे. त्या जगात फाळणी झालेली नाही, हे लेखकानं सांगितलेलं नाही. एका प्रवाशाच्या वेळापत्रकात ते ठेवून दिलं आहे.

आणि इथं उल्हासनगरचा वाचक थबकतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी कल्याणजवळ लष्करी छावणी उभारली. १९४७ नंतर सिंधमधून घरदार सोडून आलेली सुमारे एक लाख माणसं तिच्या बराकींत उतरली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिथं उल्हासनगर वसवल्याची घोषणा झाली. आजही पत्ता सांगताना लोक ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर पाच’ असंच म्हणतात. ब्रिटिश साम्राज्य नाही, तर छावणी नाही. फाळणी नाही, तर निर्वासित नाहीत. खानसाहेबांच्या जगात हे शहरच नाही. विठ्ठलवाडी आणि अंबरनाथच्या मध्ये गाडीच्या खिडकीतून कदाचित भातशेती दिसत असेल.

अंबरनाथचं शिवमंदिर मात्र त्या जगातही उभं असणार. शिलाहारांच्या काळातलं हे मंदिर. त्यावरच्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा उल्लेख आहे. पानिपताच्या सातशे वर्षं आधीच ते घडून गेलेलं आहे. जिथं दोन इतिहासांची वाट फुटते, त्याच्या अलीकडचं सगळं दोन्ही जगांत सामाईक, पलीकडचं वेगळं. मंदिरापासून लोकलनं एका स्टेशनावर असलेलं उल्हासनगर फक्त एकाच जगातलं. कथेची कल्पना समजून घ्यायला याहून चांगली जागा महाराष्ट्रात सापडणार नाही.

ही कल्पना एका सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञाची आहे, हे विसरून चालत नाही. १९३८ साली कोल्हापुरात जन्मलेले नारळीकर बनारसला शिकले, केंब्रिजला गेले आणि १९६४ साली फ्रेड हॉईल यांच्यासह त्यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. वस्तूचं जडत्व तिचं एकटीचं नसतं, विश्वातल्या इतर सगळ्या वस्तुमानामुळे ते येतं, हा त्याचा गाभा. इथल्या दगडाचा स्वभाव दूरच्या तारकांवर अवलंबून आहे असं मानणाऱ्या माणसाला पानिपतावरची एक गोळी कल्याणजवळचा नकाशा ठरवते, हे सुचणं स्वाभाविक होतं. पुढे पुंजयांत्रिकी आणि विश्वरचना यांच्या संबंधावर त्यांनी काम केलं. थनू पद्मनाभन यांच्यासह १९८६ साली त्यावर ग्रंथ लिहिला. पुंजयांत्रिकीतल्या रिचर्ड फाइनमन यांच्या पद्धतीत कणाचा एकच मार्ग धरून भागत नाही, शक्य त्या सर्व मार्गांचा हिशेब करावा लागतो. ही कथा त्या विचारपद्धतीला मानवी इतिहासात आणते.

कथेत गंगाधरपंत आपल्या जगात परतल्यावर त्यांना हे समजावतात त्यांचे मित्र राजेंद्र देशपांडे. त्यांच्या विवेचनात दोन कल्पना आहेत. एक, इलेक्ट्रॉन नेमका कुठे सापडेल हे आधी सांगता येत नाही. एका जगात तो इथं असेल, दुसऱ्यात तिथं. पण बंदुकीची गोळी इलेक्ट्रॉनसारखी वागत नाही, तिचा मार्ग सांगता येतो. मग विश्वासराव वाचले कसे? त्याचं उत्तर दुसऱ्या कल्पनेत: आपत्ती सिद्धांत. परिस्थिती कडेलोटावर आली असेल तर अगदी बारीक फरकानंही निकाल एकदम पालटतो. सूक्ष्म जगातली अनिश्चितता आणि लढाईतला निर्णायक क्षण यांच्यातलं अंतर या दुसऱ्या कल्पनेनं सांधलं आहे. हा सांधा पक्का आहे असं कुणी भौतिकशास्त्रज्ञ म्हणणार नाही. पण अडचण नेमकी कुठे आहे ते ओळखून तिथंच लेखकानं पूल बांधला, यात शास्त्रज्ञाचा प्रामाणिकपणा दिसतो.

तसाच प्रामाणिकपणा पुराव्याबाबत. गंगाधरपंतांचा अनुभव भास म्हणून सोडून देता आला असता. पण त्यांच्या खिशात त्या जगातल्या बखरीचं एक फाटकं पान उरतं आणि त्यावर गोळी कानाला चाटून गेल्याचं लिहिलेलं आहे. राजेंद्र त्या जगावर विश्वास ठेवायला तयार होतात ते या पानामुळे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवताना नारळीकरांनी नारायण विनायक जगताप हे टोपणनाव घेतलं होतं. नावाच्या वजनाऐवजी कथेच्या गुणावर निवाडा व्हावा, ही तीच वृत्ती.

विजयी हिंदुस्थान गंगाधरपंतांना आवडतो. गुलामी न सोसलेला, स्वतःच्या पायावर उभा राहिलेला देश पाहून त्यांचं मन भरून येतं, आणि वाचकाचंही. तरीही कथा तिथं संपत नाही. आझाद मैदानावर सभा चाललेली दिसते, अध्यक्षांची खुर्ची रिकामी दिसते, नऊशे नव्याण्णव सभांचे अध्यक्ष राहिलेले गंगाधरपंत सवयीनं तिच्यावर जाऊन बसतात आणि बोलू लागतात. त्या जगात अध्यक्षीय भाषणांची प्रथाच मोडीत निघाली आहे. जमाव अंडी-टोमॅटो फेकतो, व्यासपीठावर चढतो. पानिपत जिंकलेल्या देशातही जमाव जमावासारखाच वागतो. त्या जगाला स्वर्ग न ठरवण्यात लेखकाचा संयम आहे.

मुंबईत गंगाधरपंत आपल्या मुलाचा शोध घेतात तेव्हा त्या नावाचा कुणी तिथं नोकरीला नसतो. इतिहास बदलला की लढायांचे निकाल बदलतात, तशी माणसंही नाहीशी होतात. उल्हासनगरच्या घराघरांतल्या आजी-आजोबांनी भोगलेलं दुःख घडायला नको होतं, याबद्दल दुमत असूच शकत नाही. पण त्या दुःखानंतर इथं जमलेल्या ओळखी, लग्नं, दुकानं, शाळा आणि त्यातून जन्मलेली माणसं खरी आहेत. दुःखाचं समर्थन न करता त्या माणसांचं असणं मोलाचं मानता येतं. नारळीकरांची कथा या दोन्ही गोष्टी एकत्र धरायला शिकवते. अंबरनाथ-उल्हासनगरच्या वर्गांत पानिपताची हळहळ घरून घेऊन आलेली मुलं आणि फाळणीची आठवण घरून घेऊन आलेली मुलं एका बाकावर बसतात. त्या वर्गात ही कथा शिकवताना शिक्षकांनी नकाशा काढावा, सरहद स्टेशनाची जागा शोधायला लावावी आणि मुलांना विचारावं: तुमच्यापैकी कोण कोण त्या जगात असतं?