नाशिकची टंकलिखित प्रत : एका वर्णनाचें परीक्षण

रौलट समितीच्या अहवालांत (इ. स. १९१८) नाशिक येथील एका कागदाचें वर्णन आलें आहे. १९०९ सालीं गणेश दामोदर ऊर्फ बाबाराव सावरकर यांच्या घराच्या झडतींत दाट टंकलेखनाचीं ६० इंग्रजी पृष्ठें सांपडलीं. कलकत्त्याच्या माणिकतळा बागेंत १९०८ मध्यें मिळालेल्या सायक्लोस्टाइल प्रतीशीं ताडतां तो बाँबविद्येचा तोच ग्रंथ ठरला. मात्र ४५ आकृती असल्यामुळें नाशिकची प्रत अधिक पूर्ण होती, असें अहवाल सांगतो.

हें वर्णन सरकारपक्षाच्या कामापुरतें ठीक. संशोधकास तें अपुरें आहे. ग्रंथ एक ठरला म्हणजे प्रतीचें मूळ ठरलें असें नव्हे. एकाच मेणकागदावरून काढलेल्या सर्व प्रतींत चुका सारख्याच उतरतात. कार्बन घालून एकदम काढलेल्या टंकप्रतींचेंही तसेंच. पण मजकूर पुन्हा टंकिला कीं नवे प्रमाद आलेच. तेव्हां नाशिकची प्रत कलकत्त्याच्या प्रतीवरून उतरली, कीं दोन्ही एका मातृकेच्या लेकी, हें गळलेले शब्द व चुका ताडल्यावांचून सांगतां येत नाहीं. शिवाय टंकयंत्र आकृती काढीत नाहीं. त्या ४५ आकृती हातच्या असल्यास ही प्रत अंशतः हस्तलिखितच होय.

यंत्राचें लेखन निनांवी असतें, हा समजही पारखून घ्यावा. शोल्स व त्याचे सहकारी यांनीं अमेरिकेंत ता. २३ जून १८६८ रोजीं पेटंट मिळविलें. रेमिंग्टन कारखान्यानें १८७४ मध्यें विक्रीस आणलेलें यंत्र इंग्रजीचीं केवळ मोठीं अक्षरें उमटवी. लहान अक्षरांची सोय १८७८ च्या दुसऱ्या यंत्रांत झाली. त्या यंत्रांत खिळे रुळाच्या खालच्या अंगास आपटत, म्हणून रूळ उचलल्यावांचून लिहिलेली ओळ दिसत नसे. चूक तत्काळ ध्यानांत येणें कठीण. पुढें वापरानें एखादा खिळा झिजतो, एखादें अक्षर तिरपें बसतें. हस्ताक्षराच्या वळणाप्रमाणें या खुणांवरून यंत्र ओळखतां येतें.

मोडी रुमाल सोडतांना आमचे संग्राहक कागद, शाई, वळण सारें पाहतात. टंकलिखित मात्र ‘नक्कल’ म्हणून बाजूस पडतें, व मजकूर उतरून घेतला कीं रद्दींत जातें. विसाव्या शतकाच्या इतिहासाचीं कित्येक साधनें याच रूपांत आहेत. मूळ ठसा कीं कार्बन, अक्षरांचे दोष कोणते, हाताच्या दुरुस्त्या कोठें, इतकें तरी प्रत्येक नोंदींत असावें. नाशिकच्या प्रतीच्या वर्णनांत तें नाहीं. निदान आपल्या दप्तरांत ही उणीव राहूं नये.