‘ख’ खाडीचा

आमच्या अल खोरच्या घरात एक अंकलिपी आहे. सुट्टीत पुण्याहून आणलेली, कडा चिकटपट्टीने सांधलेली. रास लफानला कामावर जाणाऱ्या आमच्यासारख्यांची मुलं मराठी अक्षरं अशाच पुस्तकावर गिरवतात. ‘ईडलिंबू’ आणि ‘खटारा’ आले की मुलांच्या आधी आईबापच अडखळतात, पण ते चालायचंच, अक्षरओळख होते. माझी तक्रार आहे ती एका चित्रात एक कल्पना उरकण्याच्या सवयीबद्दल.

आमच्या प्रतीत ‘न’ नदीचा आहे. दोन डोंगर, मधे सूर्य, खाली निळा पट्टा. कतारमध्ये बारमाही वाहणारी एकही नदी नाही, त्यामुळे मुलीजवळ नदीचा तेवढा एकच नमुना. थखिऱ्याला तिवरांमधून गेलेलं पाणी दिसलं तेव्हा ती ओरडली, “बाबा, नदी!” मी म्हणालो, खाडी. तिला फरक कळेना, आणि कळावा तरी कसा? निळा पट्टा तर होताच. दुपारभर थांबलो. ओहोटी लागली, चिखल उघडा पडला, तिने बोट बुडवून चाटलं आणि तोंड वाकडं केलं. मग तिनेच विचारलं, “नदी अशी परत जात नाही?”

एलिनॉर रॉश यांनी १९७०च्या दशकात दाखवलं, की एखाद्या गटातली सगळी उदाहरणं आपल्या मनात सारख्या मानाची नसतात. अमेरिकन माणसाला रॉबिन हा पेंग्विनपेक्षा जास्त ‘पक्षी’ वाटतो. तेव्हा ठळक नमुन्यापासून सुरुवात करण्यात चूक नाही. पण कुंपण कुठे आहे ते कळायला शेजारचं, जवळपास तसंच दिसणारं आणि तरी ‘ते’ नसलेलं उदाहरण लागतं. कामावर सुरक्षेचं प्रशिक्षण देताना धोक्याचा एकच फोटो दाखवून आम्हांला कुणी सोडत नाही; चालेल ते आणि चालणार नाही ते शेजारी शेजारी ठेवतात. मुलांच्या वाट्याला मात्र एक चित्र!

ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, तेव्हा भोवतालच्या वस्तूच शिकवण्याची साधनं केल्या. इथे भोवताली काय आहे? मराठी कानाला ‘खोर’मध्ये खोरं ऐकू येतं, पण अरबीत खोर म्हणजे खाडी. थखिऱ्याचं तिवर आणि ठाण्याच्या खाडीतलं तिवर एकाच जातीचं. परदेशातल्या मुलांसाठी कुणी अंकलिपी नव्याने छापणार असेल, तर खटाऱ्याला रजा द्यावी, नदीसमोरच्या पानावर खाडी काढावी, आणि एकाच खाडीची दोन चित्रं असावीत: भरतीचं आणि ओहोटीचं.