‘नंतर’ आणि ‘मुळे’ : हृद्‌-शस्त्रक्रियेनंतरच्या नैराश्याची मीमांसा

१९५३ साली अमेरिकेत जॉन गिबन यांनी हृद्‌-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने हृदयावरील पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. शस्त्रक्रिया चालू असताना रक्ताभिसरणाचा भार हे यंत्र वाहते. या अवधीत मेंदूचा रक्तपुरवठा उणा पडतो व त्यामुळेच पुढे रुग्णास नैराश्य येते, असे एक मत आहे. इंग्रजी वैद्यकीय बोलीत रूढ झालेला ‘पंपहेड’ हा शब्द या मताचाच पाठीराखा होय. चौकशीपूर्वीच आरोपी ठरविणारे हे नामकरण आहे. या मतामागील पुरावा तपासू लागताच ‘नंतर’ आणि ‘मुळे’ या दोन शब्दयोगी अव्ययांतील अंतर किती सहज पुसले गेले आहे, हे ध्यानात येते.

प्रथम ‘नंतर’चा विचार करू. ड्यूक विद्यापीठातील संशोधकांनी २००३ मध्ये बायपास शस्त्रक्रियेच्या ८१७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी ३८ टक्के रुग्णांत नैराश्याची लक्षणे शस्त्रक्रियेच्या आधीच आढळली होती. जे पूर्वीपासून होते ते नंतर दिसले म्हणून शस्त्रक्रियेच्या माथी मारणे, हा केवळ काकतालीय न्याय होय.

दुसरा दोष पुराव्याच्या उसनवारीचा आहे. यंत्रावरील आक्षेपाचा मुख्य आधार स्मरण व अवधान यांच्या ऱ्हासाचा आहे, मनःस्थितीचा नव्हे. शिवाय तो आधारही डळमळीत आहे. नेदरलँड्समधील ऑक्टोपस प्रयोगात काही रुग्णांवर यंत्राने व काहींवर यंत्रावाचून शस्त्रक्रिया झाली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाच वर्षांनंतरच्या निष्कर्षांत दोन्ही गटांतील सुमारे निम्म्या रुग्णांत बौद्धिक ऱ्हास दिसला. दोन्ही गटांतील प्रमाण सारखेच होते.

तिसरा प्रश्न दिशेचा. मेंदूचा जो भाग अधिक कार्य करतो तिकडे रक्त अधिक वाहते, हे रॉय व शेरिंग्टन यांनी १८९० मध्येच सुचविले होते. तेव्हा खिन्न मनुष्याच्या मेंदूत एखाद्या ठिकाणी रक्तप्रवाह मंद आढळला, तर ते नैराश्याचे कारण की त्याचे फळ, हे एका चित्रावरून ठरत नाही. अधिक सयुक्तिक वाटते ती जॉर्ज अ‍ॅलेक्सोपुलोस व त्यांचे सहकारी यांनी १९९७ मध्ये मांडलेली ‘रक्तवाहिनीजन्य नैराश्या’ची उपपत्ती. हृदयाच्या रोहिण्या अरुंद करणारा विकार मेंदूच्या सूक्ष्म रोहिण्यांनाही ग्रासू शकतो. असे असल्यास शस्त्रक्रियेची गरज आणि नैराश्य ही दोन्ही एकाच मुळाची फळे ठरतील. रक्तप्रवाहाचा संबंध येथे नाकारला जात नाही, केवळ त्याचे स्थान बदलते.

नैराश्य मोजण्याच्या साधनांतही संदिग्धता आहे. प्रश्नावल्यांत निद्रानाश, अन्नावरची वासना उडणे, थकवा यांची गणना होते, आणि छातीची जखम भरत असलेल्या कोणाही रुग्णास यांचा अनुभव येतोच. मराठी रुग्ण ‘मला करमत नाही’ असे म्हणतो तेव्हा त्या वाक्यात कर्ता नसतो व कारणही नसते. ऐकणाऱ्याने त्यास घाईने कारण जोडू नये, हा धडा त्या वाक्यरचनेतच आहे.

हा केवळ शब्दांचा काथ्याकूट नव्हे. वर उल्लेखिलेल्या ड्यूक येथील अभ्यासात मध्यम ते तीव्र नैराश्य असलेल्यांना मृत्यूचा धोका इतरांच्या दुपटीहून अधिक आढळला. ‘यंत्राचा परिणाम आहे, ओसरेल’ अशी समजूत घातली की उपचार लांबतो. उलट, पिट्सबर्ग येथील २००९ च्या प्रयोगात ३०२ नैराश्यग्रस्त बायपास रुग्णांपैकी ज्यांच्याशी परिचारिकांनी आठ महिने दूरध्वनीवरून संपर्क ठेवून उपचारांची जुळणी केली, त्यांतील निम्म्या रुग्णांची लक्षणे निम्म्याने वा त्याहून अधिक उतरली. नेहमीच्या देखभालीखालील गटात हे प्रमाण सुमारे तीस टक्के होते.

कारणाचा निर्णय व्हावयाचा तेव्हा होवो. नैराश्याची विचारपूस मात्र शस्त्रक्रियेच्या आधीच सुरू झाली पाहिजे. ‘शस्त्रक्रियोत्तर नैराश्य’ या संज्ञेने नेमकी तीच वेळ दृष्टीआड केली आहे.