दाढदुखी आणि धोरणाची भाषा : कामकरी प्रौढांच्या दंतोपचाराची एक चिकित्सा

सार्वजनिक आरोग्यसेवेविषयीच्या मराठी चर्चेत दातांना फारसे स्थान मिळालेले नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात (२०१३) किडलेल्या दातांचा समावेश असल्याने शाळकरी मुलाचे तोंड निदान तपासले तरी जाते. कामावर जाणाऱ्या प्रौढ माणसाकडे मात्र कोणी चालून येत नाही. दाढ ठणकू लागल्यावर त्यालाच सेवेच्या दारात जावे लागते. ते दार कागदावर उघडे आहे. प्रत्यक्षात ते कोणत्या अटींवर उघडते, याची तपासणी प्रस्तुत लेखात करावयाची आहे.

प्रारंभ योजनांच्या शब्दांपासूनच करणे इष्ट ठरेल. २०१८ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेने प्रतिकुटुंब वार्षिक ५ लाख रुपयांचे संरक्षण देऊ केले. तथापि वगळलेल्या उपचारांच्या यादीत सौंदर्यवर्धक दंतोपचारांच्या पंक्तीलाच दात भरणे आणि रूट कॅनाल यांना बसविण्यात आले. अपवाद एकच : विकार आजारातून वा इजेतून उद्भवलेला असावा आणि त्यासाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागावे. महाराष्ट्रातील महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची व्याप्ती २०२३ च्या शासननिर्णयाने सर्व कुटुंबांपर्यंत वाढविण्यात आली; पण तिचाही गाभा रुग्णालयीन उपचारांचाच आहे.

या अपवादाचे तर्कशास्त्र लक्षपूर्वक वाचावयास हवे. किडलेली दाढ हा आजार नव्हे काय? दात किडणे ही झीज मानावयाची आणि त्याच किडीचा संसर्ग जबड्याखाली उतरला, मान सुजली, श्वास कोंडू लागला, म्हणजे त्यास आजार म्हणावयाचे, अशी ही वर्गवारी आहे. खालच्या दाढांतून पसरणारा असा संसर्ग प्राणघातक ठरू शकतो, हे दंतवैद्यकाचा कोणताही विद्यार्थी सांगेल. म्हणजे जो विकार खुर्चीवर बसवून आटोपता आला असता, तो खाटेपर्यंत पोहोचेतो सार्वजनिक निधी थांबून राहतो. मुखकर्करोगाबाबतही चित्र फारसे वेगळे नाही. शस्त्रक्रियेचा खर्च योजना उचलते. परंतु तंबाखू-मिश्रीच्या सवयीने गालाच्या आत उमटलेला पांढरा चट्टा वेळीच पाहणारी नजर नियमित दंततपासणीतच मिळू शकते, आणि तिला या विम्यात जागा नाही.

विमा हा एकमेव मार्ग नाही, असा आक्षेप येथे घेता येईल आणि तो रास्तही आहे. २०१४-१५ पासूनच्या राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रमाने जिल्हा रुग्णालये व त्याखालील स्तरांवर दंतविभागांसाठी साहाय्य देण्याचे धोरण स्वीकारले. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले. मुंबईत नायर रुग्णालयाच्या दंत महाविद्यालयासारखी पालिकेची जुनी संस्थाही आहे. अशा ठिकाणी मिळणारे उपचार दर्जाने उणे असतात, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. कित्येकदा ते खाजगी दवाखान्यापेक्षा सरस असतात.

प्रश्न किमतीच्या व्याख्येचा आहे. शुल्क शून्य झाले म्हणजे सेवा फुकट झाली, हे समीकरण मासिक वेतन घेणाऱ्याला पटेल. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या बिगाऱ्याला किंवा चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला पटणार नाही. बाह्यरुग्ण विभाग बहुधा सकाळचा. केसपेपर, नंबर, एक्स-रे, पुन्हा रांग यांत दिवस मोडतो आणि दिवसाबरोबर रोजही बुडतो. दाढ उपटणे एका खेपेत होते. ती वाचवावयाची तर रूट कॅनालसाठी बहुधा दोन-तीन खेपा, आणि वर कॅपसाठी आणखी. तीन-चार दिवसांची मजुरी एका दाढेवर कोण खर्चील? दुखणे पहिल्याच खेपेत थांबलेले असेल तर प्रश्नच मिटला. अर्धवट उपचार घेतलेला तो दात काही महिन्यांनी पुन्हा ठणकतो आणि अखेर काढावा लागतो. यास ‘रुग्णाची उदासीनता’ असे नाव देण्याची आपल्याकडे रीत आहे. वस्तुतः तो चोख हिशेब असतो. फक्त तो करताना कामकऱ्याला पुढच्या वीस वर्षांचे चावणे जमेस धरता येत नाही.

संघटित क्षेत्रातील कामगाराची स्थिती काहीशी बरी. १९४८ च्या कायद्यातून उभ्या राहिलेल्या कर्मचारी राज्य विमा योजनेत वेतनमर्यादा २०१७ पासून २१,००० रुपये झाली आणि कामगाराची वर्गणी २०१९ पासून वेतनाच्या ०.७५ टक्के ठरली. १५,००० रुपये वेतनावर ती दरमहा सुमारे ११३ रुपये होते. त्या बदल्यात बाह्यरुग्ण सेवाही मिळते, हे या योजनेचे मोठेच वैशिष्ट्य. आजारपणात वेतनाच्या ७० टक्के भरपाईही आहे. परंतु मूळ कायद्याने आजारपणाचे पहिले २ दिवस सामान्यतः भरपाईबाहेर ठेवले. दातांचे दुखणे तर अर्ध्या-अर्ध्या दिवसाच्या हप्त्यांनी येते. सलग आजारी पडण्याची शिस्त त्याला नाही!

वेळेचा विचार प्रशासनाला सुचतच नाही, असेही नव्हे. मुंबई महानगरपालिकेने २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘आपला दवाखाना’ उपक्रमात रात्री १० पर्यंतची वेळ जाहीर झाली आणि त्याच्या पॉलिक्लिनिकांत दंतोपचाराचाही अंतर्भाव करण्यात आला. संध्याकाळची ही वेळ जिल्हा रुग्णालयाच्या दंतविभागाला आठवड्यातून दोनदा का साधू नये, याचे समाधानकारक उत्तर आढळत नाही. मनुष्यबळाची अडचण सांगितली जाईल. परंतु राज्यातून दरवर्षी शेकड्यांनी दंतवैद्य पदवी घेऊन बाहेर पडत असताना ती अडचण माणसांची कमी आणि मंजूर पदांची अधिक ठरते.

दंतविभागांचे मूल्यमापन साधारणतः खुर्च्या आणि तपासलेले रुग्ण मोजून केले जाते. रूट कॅनाल सुरू झालेल्या रुग्णांपैकी शेवटच्या खेपेला किती जण आले आणि न आलेल्यांपैकी किती जण रोजंदारीवर होते, ही दोन रकान्यांची नोंद कोणत्याही विभागाच्या रजिस्टरात, नव्या खर्चाविना, उद्यापासून ठेवता येईल.